टाचेवर बसणाऱ्या बायका

प्रिय मनिसरा,

परवा मंगळवारी बाजारच्या इस्पितळातल्या डॉक्टरणीने मला पुन्हा तपासलं. आतली जखम पूर्ण भरली आहे, टाके विरघळले आहेत, असं तिने सांगितलं आणि माझ्या कागदावर तसं लिहूनही दिलं. माझी गर्भाची पिशवी काढल्याला परवा बरोबर सहा आठवडे झाले. अजून सहा आठवडे भरल्या तांब्याहून जड काही उचलायचं नाही, उकिडवं बसून भांडी घासायची नाहीत, खोकला आला तर पोटाला हात धरून खोकायचं. ती हे सांगत होती तेव्हा मला हसू आलं. जड उचलू नका हे वाक्य मी गेली एकवीस वर्षं दारोदार सांगत आले आहे. स्वतःच्या कानांनी ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली.

हे तुला कुणी कळवलं नसणार. मी तुझ्या भावाच्या फोनवर दोनदा फोन केला होता. पण तो फोन मोठ्या आवाजावर लावून ओसरीत ठेवतो. माझ्या बोलण्याच्या मध्ये तुमच्या कोंबड्यासुद्धा ओरडत होत्या. नातीचा, आपल्या सानीचा, खोकला बरा झाला का, एवढं विचारून मी ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तुमच्या गावची आरोग्य स्वयंसेविका हिरादेवी बैठकीला बाजारात येते, तिच्या हाती देते आहे. तुझ्याच हातात द्यायचं, तुझ्या आईच्याही नाही, असं तिला बजावलंय. एकटी असताना वाच.

लोकेन्द्रचा जन्म झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बाळंतपण गोठ्यात झालं, म्हशीच्या शेजारी, तेव्हा सगळ्यांचं तिथेच होत असे. अकराव्या दिवशी बारसं झालं, घराचा विटाळ फिटला, मी घरात आले, आणि बाराव्या दिवशी सासूबाईंनी डोको, ओझं वाहायची टोपली, माझ्या पाठीला लावला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. विटाळ फिटला म्हणजे बाई कामाला मोकळी, एवढाच हिशोब त्यांना ठाऊक होता. गवताचा भारा घेऊन चढण चढताना कपाळावरचा पट्टा ताणला आणि माझ्या आतून काहीतरी निसटलं. मला वाटलं वार राहिली असेल. मी घरी येऊन रडत सासूबाईंना दाखवलं. त्यांनी राईचं तेल लावून ते आत ढकललं, जुन्या लुगड्याच्या चिंधीचा गोळा करून बसवला आणि म्हणाल्या, "रडतेस काय? सगळ्यांचंच येतं. माझं नाही आलेलं? फक्त पुरुषांसमोर तोंड उघडू नकोस." मग त्यांनी मला बसायचं कसं ते शिकवलं. एक पाय दुमडून, टाच बरोबर खाली घेऊन, तिच्यावर भार टाकून. टाच ते वर दाबून धरते. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी तशीच बसले. मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. तुझ्या सासऱ्यांना वाटायचं, ही फार देवभोळी झाली आहे, म्हणून वेगळी निजते. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

पुढे गावात स्वयंसेविका नेमायची वेळ आली. सातवीपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून निळी साडी आणि औषधांची पेटी माझ्याकडे आली. ते चित्रांचं पुस्तक तुला आठवत असेल. त्यातल्या नवव्या पानावर बाळंतीण डोको उचलते आहे आणि तिच्यावर लाल फुली आहे. ते पान मी शेकडो बायकांना दाखवलं असेल. "बाळंतिणीने पंचेचाळीस दिवस ओझं उचलायचं नाही, अंग बाहेर येतं." असं सांगताना मी कधी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही, पुस्तकाकडेच पाहायची. बायका हसायच्या. "दिदी, पंचेचाळीस दिवस मी बसले तर म्हशीला गवत कोण घालणार, तुझं चित्र?" मीही हसायची आणि पान उलटायची.

कार्तिकात तू माहेरी गेलीस त्यानंतर आठवड्याभरात वरून निरोप आला. ज्यांचं अंग बाहेर येतं अशा बायकांची यादी करा, डॉक्टरांची तुकडी बाजारात येणार आहे, सगळं फुकट. मी घरोघर फिरून नऊ नावं मिळवली. स्वतःचं लिहिलं नाही. नऊजणींना घेऊन सकाळी निघाले, दुपारी रस्त्याला लागलो, तिथून जीप. खड्ड्यांनी सगळ्यांची हाडं खिळखिळी होत होती. खालच्या वाडीची धौली म्हातारी माझ्यासमोर बसली होती. चौसष्ट वर्षांची, तोंडात दात चार, पण जीभ अजून पुरी आहे. ती बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ए जौकला, आम्ही नऊ की दहा गं?" मी म्हटलं, "नऊ. मी काय तुम्हाला पोचवायला." "मग जीपच्या बाकावर टाच घेऊन कशाला बसलीस? बाक टोचतोय होय?" मी पाय खाली सोडायला गेले आणि मला तो सोडता आला नाही. मग धौली हसली, नंतर बाकीच्या हसल्या, आणि मग त्यांच्यातली सगळ्यात लहान बिर्मा, जेमतेम बत्तीसची, पुढे वाकून माझा हात धरून रडायला लागली. तिला मी तेच नववं पान तिच्या तिन्ही बाळंतपणांत दाखवलं होतं.

इस्पितळात मला लगेच घेतलं नाही. वर्षानुवर्षं घासून आतल्या अंगाला जखम झाली होती; ती भरल्याशिवाय सुरी लावता येणार नाही म्हणाले. रक्तही कमी होतं. ज्या लाल गोळ्या मी दुसऱ्यांच्या हातावर ठेवायची त्या पंधरा दिवस मलाच गिळाव्या लागल्या, आणि रोज नर्स औषधाची पट्टी भरून अंग आत बसवायची. त्या नर्सचं वय तुझ्याएवढं. पहिल्या दिवशी तिने पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आमा, तुम्ही यासह चढण कशा चढत होतात?" हा प्रश्न असू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

कागदावर नवऱ्याची सही लागते म्हणून तुझ्या सासऱ्यांना बोलावून घेतलं. डॉक्टरणीने त्यांना चित्र काढून समजावलं. ते चित्राकडे बघत राहिले, नंतर माझ्याकडे. सही केली, बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी गेले तर म्हणाले, "लोकेन्द्रच्या वेळेपासून?" मी हो म्हटलं. "आणि मी समजत होतो की तुला मी नको झालोय." एवढंच. अठ्ठावीस वर्षांत दोन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं.

आदल्या दिवशी नुसती पेज. सकाळी बांगड्या, गळ्यातली पोत, कानातलं, सगळं उतरवून घेतलं. लग्नात घातलेली पोत मी कधी काढली नव्हती. नवरा जिवंत असून पोत उतरवायची म्हणताच आम्हा सगळ्यांना रडू फुटलं. जखमेमुळे माझ्यासारखीच मागे राहिलेल्या धौलीने मात्र स्वतःच ओरबाडून दिली. "घ्या गं. म्हातारा मेल्यावरही घालतेच आहे मी, कुणाला काय पडलंय? आणि खालचंही घ्या, त्याचा तर मला पहिल्यापासून काही उपयोग नव्हता." नर्सला हसू आवरेना. कमरेत सुई दिल्यावर माझे पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वर टांगलेले मला दिसत होते. दुखत नव्हतं, पण ओढलेलं कळत होतं, जसं जनावराचं वासरू ओढताना बाहेरून बघावं. झाल्यावर मी मागितलं म्हणून डॉक्टरणीने काढलेली पिशवी मला ताटलीत दाखवली. मुठीएवढी असेल. जो भाग बाहेर असायचा तिथलं कातडं जाड, पांढरट, चिरा पडलेलं. अगदी टाचेसारखं. त्यात लोकेन्द्र नऊ महिने राहिला होता. मी तोंड फिरवलं.

पहिले दोन दिवस लघवीची नळी होती आणि आत कापडाची गच्च पट्टी. ती ओढून काढतात तेव्हा आपल्या आतून रस्ताच काढताहेत असं वाटतं. तिसऱ्या दिवशी चालवलं. चौथ्या दिवशी शौचाला बसायची एवढी भीती वाटली की मी भिंतीला धरून रडले. घाण वास येणारं पाणी तीन आठवडे जात होतं. ताप दोनदा आला. घरी परत आले ती डोलीतून, स्वतःच्या गावात नवरीसारखी. आता घरी तुझे सासरे पाणी भरतात. पहिल्या दिवशी घागर घेऊन पाण्याच्या धाऱ्यावर गेले तर बायकांनी रांग सोडून त्यांना वाट दिली. "सरका गं, सरका, बोहऱ्यांची नवी सून आली पाण्याला! डोक्यावर पदर घ्या की हो!" ते तसेच भरून आले. दुसऱ्या दिवशीही गेले. मक्याच्या पिठाचा ढिंडो घाटतात तो कच्चा राहतो, आणि आम्ही दोघे तो तसाच खातो. एवढंच या सगळ्यातलं बरं म्हणता येईल.

आता बिर्माचं सांगते. मनावर दगड ठेवून वाच. तिचं ऑपरेशन माझ्याआधी पंधरा दिवस झालं, कारण तिला जखम नव्हती. सगळं नीट झालं, आठव्या दिवशी ती चालत घरी गेली. तिची सासू वाईट बाई नाही, तूही ओळखतेस. पण तिच्या डोक्यात असं बसलं की आत काही राहिलंच नाही, तर आता खाली येणार काय? ती धाऱ्यावर सगळ्यांना सांगत होती, "डॉक्टरांनी मूळच उपटलं. आता माझी सून दोन डोको उचलेल." बिर्मालाही तसंच वाटलं. सांगायचं काम माझं होतं, आणि मी तेव्हा इस्पितळात लाल गोळ्या गिळत पडले होते. अठराव्या दिवशी ती लाकडाचा भारा घेऊन उतरत होती. आतले टाके सुटले. पायवाटेवर बसली ती उठली नाही. डोली रस्त्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिच्याकडे नव्हता. तीन मुलं आहेत. घरी आल्यावर मी तिच्या सासूकडे गेले तर तिने मलाच विचारलं, "दिदी, मग पुस्तकात ते पान का नव्हतं गं? ऑपरेशननंतरचं?" खरंच नाही ते पान. पण मी तर होते.

बिर्माचं ऐकून इस्पितळाला भिऊ नकोस. ती ऑपरेशनने गेली नाही, ओझ्याने गेली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आता तुझ्याबद्दल लिहायचं आहे.

गेल्या आषाढात रोपं उपटताना तू बांधावर दम खायला बसलीस. सानी तुझ्या मांडीवर होती. तू डावा पाय दुमडलास, टाच खाली घेतलीस आणि हळूच भार टाकलास. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या शरीरानेच शोधलं होतं. मी चार हातांवर होते. मला कळलं. त्या क्षणी मला पुरतं कळलं, मनिसरा, आणि मी खाली वाकून रोपं उपटत राहिले. त्यानंतर तू पाण्याला जाताना मी घागर तुझ्याकडून घ्यायची, तू म्हणायचीस, "राहू द्या आमा, तुमचा पाय दुखेल," आणि मी देऊन टाकायची. दसऱ्याला लोकेन्द्र बंगळूरहून आला. तुमच्या खोलीतून आवाज आले. तिसऱ्या दिवशी तो अंगणात बसून मला म्हणाला, "हिचं मन माझ्यात नाही. दोन वर्षं मी चौकीदारी करून पैसे पाठवतो आणि ही मला जवळ येऊ देत नाही. दुसरी करून आणली तर मला बोलू नका." तुला आत ऐकू जात होतं. मी म्हटलं, "शांत हो, जेव." शांत हो म्हटलं मी. तू तिहारच्या दिव्यांपर्यंत थांबलीस आणि सानीला पाठीशी बांधून माहेरी गेलीस, आणि मी तुझ्या पिशवीत तूप घालून दिलं.

गेल्या आठवड्यात मी लोकेन्द्रला फोन केला. माझं सगळं सांगितलं, त्याच्या जन्मापासूनचं. मुलाला असलं सांगतात का, म्हणून तुझे सासरे उठून बाहेर गेले. मग मी म्हटलं, "तुझे वडीलही समजत होते की मला ते नकोत. एवढं लक्षात ठेव." त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. तुझ्याबद्दल मी त्याला एक शब्द बोललेले नाही. ते तुझं आहे, सांगायचं की नाही ते तू ठरव.

डॉक्टरणीला मात्र विचारलं, नाव न घेता. बावीस वर्षांची मुलगी, एकच मूल, दोन वर्षं होत आली, अजून जखम नसावी. ती म्हणाली, लवकर आली तर रबराची कडी बसवतात, काही व्यायाम शिकवतात, तीन-तीन महिन्यांनी तपासतात, आणि पुष्कळदा पिशवी वाचते. पुढे मूलही होतं. उशीर केला, ओझी वाहत राहिली, तर माझ्यासारखं. "तिला आणा," ती म्हणाली, "पण या हिवाळ्यातच."

आता जे लिहायला बसले ते. सानी फाल्गुनात झाली, तू घराच्या मागच्या खोलीत होतीस, गोठ्यात नाही. मी त्याचा किती तोरा मिरवला गावात. तुझ्या बाळंतपणाच्या तेराव्या दिवशी शेजारच्या सौदांच्या शेतात शेणखत वाहायची सावड होती. त्यांची माणसं आपल्याकडे येऊन गेली होती, आपल्या घरातून एक पाठ जायलाच हवी होती, आणि ती माझी होती. त्या सकाळी मी गोठ्यात धार काढून उठले तर माझं अंग पूर्ण बाहेर होतं, आत जाईना, रक्त लागत होतं. खरं सांगितलं असतं तर सौदांच्या म्हातारीने सावड पुढे ढकलली असती, किंवा तुझ्या सासऱ्यांनी पैसे देऊन माणूस घातला असता. पण खरं सांगायचं म्हणजे ते सगळं सांगायचं. मी एका चिंधीने घोटा बांधला, लंगडत अंगणात आले आणि पाय मुरगळला म्हणाले. तू अंथरुणातून उठलीस. "मी जाते आमा, किती दूर आहे ते!" मी म्हटलं, "टोपली अर्धीच भर हं." नववं पान मला तेव्हा तोंडपाठ होतं. तू तीन दिवस गेलीस, आणि तिन्ही संध्याकाळी परत येऊन, सानीला पाजायच्याही आधी, हळद तापवून माझ्या घोट्याला लावलीस. माझा पाय मुरगळला नव्हता, मनिसरा. कधीच नाही. तुझ्या आजारपणाचं मूळ आहे ते माझ्या त्या घोट्यात. परत ये असं मी म्हणत नाही. तो हक्क मी त्या चिंधीत बांधून टाकला. पण माघच्या नऊ तारखेला डॉक्टरांची तीच तुकडी तुमच्या शाळेत येते आहे, सकाळी दहापासून, हिरादेवीला सगळं ठाऊक आहे आणि तिने यादीत एक जागा नाव न लिहिता राखली आहे. मी आदल्या दिवशी जीपने येऊन तिच्याकडे मुक्काम करेन. सकाळी निळी साडी नेसून शाळेच्या फाटकाजवळच्या बाकावर बसेन आणि सगळ्यांत शेवटची बाई तपासून होईपर्यंत उठणार नाही. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नुसती आत जा. सानीला माझ्याजवळ ठेवलंस तर मी तिला बाकावर शेजारी बसवीन, उचलणार नाही. दिवसभर थांबायला मला काही अडचण नाही. मला आता दोन्ही पाय खाली सोडून बसता येतं.

तुझीच, तुझ्या वाट्याचं ओझं जिने उचलायला हवं होतं ती सासू,
जौकला